सॉफ्टवेअरची किंमत आणि बाजारपेठीय अर्थशास्त्र : मराठी फॉन्टच्या संदर्भात एक विवेचन

वस्तूची किंमत मागणी व पुरवठा यांच्या समतोलातून ठरते, असे आपण पदवीच्या वर्गांना शिकवतो. सॉफ्टवेअरला हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. इंदापूर तालुक्यातील भवानीनगरच्या कारखान्यात साखरेच्या प्रत्येक पोत्यासाठी नव्याने ऊस गाळावा लागतो. सॉफ्टवेअरच्या पहिल्या प्रतीस मोठा खर्च येतो; दुसऱ्या प्रतीचा सीमांत खर्च मात्र जवळजवळ शून्य असतो. किंमत सीमांत खर्चाइतकी उतरली, तर मूळ खर्च भरून निघणार नाही. त्यामुळे ग्राहक बांधून ठेवण्याकडे उत्पादकाचा कल असतो.

मराठी फॉन्टचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक निश्चित झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तरीही पुढे अनेक वर्षे छपाईच्या व्यवसायात श्री-लिपीसारख्या, स्वतंत्र संकेतन असलेल्या फॉन्टचेच प्राबल्य राहिले. मानक उपलब्ध असताना असे का घडावे? छापखाना जो फॉन्ट वापरतो, तोच लेखकाला वापरावा लागतो. वापरणारे जितके अधिक, तितकी त्याची उपयुक्तता अधिक. अर्थशास्त्रात यास बाह्यता म्हणतात. एकट्याने बदल करणाऱ्याचा केवळ तोटाच होतो. शिवाय टंकलेखकाच्या बोटांत बसलेला कळफलक हाही एक बुडीत खर्चच! चोरट्या प्रतींनीही, विक्री बुडवत असतानाच, जुन्या फॉन्टचा प्रसार केला, हे नमूद करणे आवश्यक आहे.

मुक्त सॉफ्टवेअरची तुलना आपल्या सहकाराशी करण्याचा मोह बारामती परिसरात होणे स्वाभाविक आहे. ही तुलना अर्धीच खरी आहे. कारखान्याचा सभासद भागभांडवल भरतो. लिनक्स वापरणाऱ्यावर असे कोणतेही बंधन नाही.

आता युनिकोड फॉन्ट संगणकाबरोबरच विनामूल्य मिळतात. परंतु किंमत शून्य झाली म्हणून खर्च संपला असे नाही. आपल्यापैकी अनेकांचे एम.फिल. प्रबंध व अध्यापनाच्या टिपणी जुन्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे उमटतात. रूपांतराची साधने आहेत, पण जोडाक्षरे व रफार पुन्हा तपासावेच लागतात. ही मजुरी कोणत्याही बिलात नव्हती. ती वापरकर्त्यानेच भरली.

म्हणूनच प्रवेश, लेखा वा ग्रंथालयासाठी सॉफ्टवेअर घेताना महाविद्यालयाच्या खरेदी समितीने दरपत्रकातच एक रकाना वाढवावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते : करार संपल्यावर आमची माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत व किती शुल्क आकारून परत मिळेल?