काकूंचा गिल्ट फंड

"अरे, शेअर नकोत म्हणूनच हा फंड घेतला ना मी?" काकूंनी स्टेटमेंट माझ्यापुढे सरकवलं. २०१३ चा ऑगस्ट, डोंबिवली, बाहेर धो धो पाऊस. चार महिन्यांपूर्वी हा गिल्ट फंड मीच त्यांच्या गळ्यात मारला होता. सगळा पैसा सरकारी रोख्यांत, बुडायची भीती नाही. तशी ती नव्हतीच. पण 'शेअर पडले की रोखे सावरतात' हे परीक्षेसाठी घोकलेलं वाक्यही मी ऐकवलं होतं. ते वाक्य मुळात अमेरिकेचं. तिकडे घबराट झाली की पैसा सरकारी रोख्यांच्या आडोशाला जातो. आपल्याकडे तो थेट विमानतळ गाठतो.

त्या वर्षी २२ मे रोजी फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के अमेरिकी संसदेत म्हणाले, दरमहा ८५ अब्ज डॉलरची रोखेखरेदी आम्ही येत्या काही बैठकांत कमी करू शकतो. एवढंच.

"त्यांचा नि माझा काय संबंध?" काकू.

संबंध रुपयाचा. परदेशी गुंतवणूकदार नफा मोजतो डॉलरमध्ये. रोख्यावर सात टक्के मिळाले आणि रुपया दहा टक्क्यांनी घसरला, तर त्याच्या वहीत तोटाच. जूनमध्ये त्यांनी शेअरपेक्षा रोखेच जास्त विकले. विकून डॉलर घेतले, रुपया आणखी घसरला, मग शेअरवाल्यांच्याही पोटात गोळा आला. ब्राझील, तुर्कस्तान, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, सगळीकडे तीच पळापळ.

रुपया सावरायला रिझर्व्ह बँकेने १५ जुलैच्या रात्री बँकांच्या अडीनडीच्या उसनवारीचा दर ८.२५ वरून १०.२५ टक्के केला. आता एका रात्रीच्या पैशाला सव्वादहा टक्के पडत असताना मे महिन्यातच निघालेला दहा वर्षांचा ७.१६ टक्क्यांचा रोखा शंभराला कोण घेणार? समोरच्याला ९ टक्के सुटायचे तर तो ८८ च्या आसपास विकावा लागतो. हे गणित मी टेबलावरच्या लिफाफ्यामागे मांडून दाखवलं.

खरी गोम पुढेच आहे. बँकांना तेव्हा ठेवींच्या सुमारे २३ टक्के रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावी लागे. रोखे उतरले की बँकांचा तोटा, म्हणून बँकांचे शेअर खाली. आणि सेन्सेक्समध्ये बँकांचं वजन भारी. म्हणजे शेअरमधून पळालेला माणूस रोख्यांत सापडतो, आणि रोख्यांतली आग फिरून शेअरबाजारात येते. १६ ऑगस्टला सेन्सेक्स ७६९ अंकांनी कोसळला. चारच दिवसांनी रिझर्व्ह बँकेने बँकांना तोट्याच्या हिशेबात सवलत दिली, तरी २८ तारखेला डॉलर ६८ रुपयांच्या पार गेलाच.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. फंड मोडला नाही. लिफाफा मात्र परत मागून घेतला. आत लाइटबिल होतं.