दुसऱ्याच्या ओट्यावरचा धंदा : सोशल मीडियाचे सॉफ्टवेअर विकणारी कंपनी वाढते कशी?

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत नवा माल आला की आता पाटीच्या आधी मोबाइल बाहेर निघतो. फोटो काढायचा, फेसबुकवर टाकायचा, मग तोच इन्स्टाग्रामवर. त्यानंतर भाव विचारणाऱ्यांना एकेक करून उत्तरे द्यायची. कोणी कोठे विचारले होते हे दुपारपर्यंत ध्यानात राहत नाही आणि आलेले गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. हा घोळ निस्तरून देणे हाच जगात एक मोठा धंदा झाला आहे. तो कसा वाढला आणि आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी त्यातून काय घ्यावे, हे आम्ही आज सांगणार आहोत.

हा माल आहे तरी काय?

समजा, देगलूर नाक्यावर एक फर्निचर कारागीर आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब अशी त्याची तीन खाती आहेत. सोशल मीडिया सांभाळण्याचे सॉफ्टवेअर ही तिन्ही खाती एकाच पडद्यावर आणते. रविवारी बसून आठवड्याचे फोटो भरून ठेवले की ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी ते आपोआप प्रसिद्ध होतात. आलेले प्रश्न एका ठिकाणी दिसतात. कोणत्या नोकराने उत्तर द्यायचे आणि कोणी फक्त पाहायचे हे मालक ठरवतो. महिन्याअखेर कोणता फोटो किती लोकांनी पाहिला याचा हिशेब मिळतो. थोडक्यात, हा जाहिरातीच्या बाजूचा मुनीम आहे.

गरजेतून निघालेला माल

या धंद्यातले जुने आणि मोठे नाव हूटसूट. कॅनडातील व्हँकूव्हर शहरात रायन होम्स यांची इन्व्होक नावाची एक छोटी कंपनी होती. ती दुसऱ्यांची इंटरनेटवरील कामे करून देत असे. निरनिराळ्या गिऱ्हाइकांची ट्विटर खाती एकाच वेळी सांभाळताना माणसे मेटाकुटीस येत. म्हणून 2008 मध्ये त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी एक हत्यार बनवले. ते इतरांनाही हवेसे वाटले आणि पुढे तोच मुख्य धंदा झाला. सुताराने स्वतःच्या कामासाठी बनवलेला शिकंजा चार सुतारांनी मागून न्यावा आणि त्याने शिकंजेच विकायला लागावे, तसाच हा प्रकार.

कंपनीने छोट्या वापरासाठी हा माल फुकट ठेवला आणि मोठ्या वापरासाठी दरमहा पैसे आकारले. अत्तरवाला कापसाचा फाया फुकट देतो आणि कुपी विकतो, तीच ही रीत.

चेन्नईचा दाखला

आपल्या देशातील ठळक उदाहरण झोहो कंपनीचे आहे. 1996 मध्ये श्रीधर वेम्बू व त्यांच्या सोबत्यांनी अॅडव्हेंटनेट या नावाने ती सुरू केली. प्रारंभी ती दूरसंचार व नेटवर्कची यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर पुरवी. 2000 नंतर त्या बाजारात मंदी आली आणि कित्येक गिऱ्हाईक कंपन्या बुडाल्या. एकाच पेठेवर विसंबण्याचा धोका कंपनीने ओळखला आणि वेगवेगळा माल बनवायला घेतला. 2005 पासून झोहो या नावाने छोट्या-मोठ्या व्यवसायांसाठी सॉफ्टवेअर येऊ लागले. 2009 मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. सोशल मीडिया सांभाळणारे झोहो सोशल हे त्यातलेच एक. ते 2015 मध्ये आले.

म्हणजे हा एकुलता माल नव्हता. गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारे आणि हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर कंपनीकडे आधीच होते. फेसबुकवर भाव विचारणाऱ्याचे नाव थेट गिऱ्हाइकांच्या यादीत जाऊ शकते. एक वस्तू घ्यायला आलेला माणूस दुसरीही घेऊन जातो, हे किराणा दुकानाचे साधे तत्त्व इथेही लागू पडले. 2023 मध्ये कंपनीने आपल्या सर्व मालाचे मिळून 10 कोटी वापरकर्ते झाल्याचे जाहीर केले. एवढी वाढ होऊनही तिने बाहेरच्या भांडवलदारांचा पैसा घेतला नाही आणि ती शेअर बाजारातही उतरली नाही. कमाईतूनच पुढचा माल उभा केला.

नफ्याचे गणित

कारागिराला शंभरावे कपाट बनवायला पहिल्याइतकेच लाकूड लागते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. पहिली प्रत बनवायला वर्षानुवर्षे मेहनत आणि पैसा लागतो, पण पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे खर्च फार थोडा वाढतो. शिवाय पैसे एकदाच नव्हे, दर महिन्याला किंवा वर्षाला येतात. म्हणून या धंद्यात नव्या गिऱ्हाइकाइतकेच जुने टिकवणे मोलाचे असते. सेवा बिघडली की पुढच्या महिन्याचे पैसे बंद होतात.

धोका कोठे आहे?

या धंद्याची जमीन मात्र स्वतःची नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स ही परक्यांची घरे. त्यांनी बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेल्या दरवाजाला एपीआय म्हणतात. तो दरवाजा किती उघडायचा आणि त्याचे किती पैसे घ्यायचे, हे घरमालक ठरवतो. 2018 मध्ये केंब्रिज अॅनालिटिका प्रकरण गाजल्यावर फेसबुकने हा दरवाजा बराच अरुंद केला. 2023 मध्ये ट्विटरने तो भारी किमतीचा केला. त्याच वर्षी मार्चअखेर हूटसूटने आपली फुकट योजना बंद केली. फुकटच्या भरवशावर काम बसवलेल्यांना पैसे तरी मोजावे लागले, नाहीतर दुसरा माल शोधावा लागला.

घरच कोसळले तर काय होते तेही आपण पाहिले आहे. 29 जून 2020 रोजी भारत सरकारने 59 चिनी अॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते. ज्यांची सगळी ओळख त्या एका ठिकाणी होती, त्यांची गिऱ्हाइके एका रात्रीत तुटली.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, एका दुकानाला आणि दोन खात्यांना विकतच्या सॉफ्टवेअरची घाई नको. फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी मेटा बिझनेस सूट आणि गिऱ्हाइकांशी बोलण्यासाठी व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट मिळते. शाखा वाढल्या, नोकर उत्तरे देऊ लागले, तेव्हा विकतचा विचार करावा. तोही आधी नमुना वापरून आणि वर्षाचे पैसे एकदम न भरता.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गिऱ्हाइकाचे नाव, नंबर आणि त्याने काय घेतले, हे त्याला विचारून स्वतःच्या वहीत किंवा संगणकात लिहून ठेवा. फेसबुकवरचे हजार चाहते फेसबुकचे असतात. वहीतली शंभर नावे मात्र आपली असतात. ओटा दुसऱ्याचा असला तरी खातेवही आपली हवी.

तिसरी गोष्ट आपल्या मुलांसाठी. झोहोने 2011 च्या सुमारास तामिळनाडूतील तेनकाशीजवळच्या मत्तळम्पारै गावी मोजक्या माणसांवर कचेरी उघडली आणि ती वाढवत नेली. कंपनी स्वतःची शाळाही चालवते. तिथे बारावी किंवा पदविका झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन सुमारे दोन वर्षांत कामाला तयार करतात. नांदेडला 1981 पासून श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरची शिक्षणातील ख्याती साऱ्या राज्यात आहे. तरी शिकलेला मुलगा पुण्याची गाडी धरतो. तेनकाशीजवळच्या खेड्यात जे होते ते नांदेड-लातुरात होणार नाही, असे मानायला आम्ही तयार नाही.

सुरुवात कंपनीने करायला नको. पाच दुकानदारांनी मिळून एका होतकरू मुलाला किंवा मुलीला आपली खाती सांभाळायला द्यावीत आणि ठरलेला मेहनताना वेळेवर द्यावा. त्या पाच दुकानांची रोजची अडचण त्या मुलाला कळेल. हूटसूटचा आरंभही अशाच दुसऱ्यांची खाती सांभाळण्याच्या कामातून झाला होता.