समुद्राचे मुद्दल

मुद्दलाला हात लावू नये, व्याजावर भागवावे, हे शहाणपण बँकेत शिकवावे लागते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापणीने ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले.

होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभे राहून ओढायचे, ही रापण. ती एकट्याचे काम नव्हे. म्हणून रापणसंघ, म्हणून वाटे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. कोणी कुठे जाळे टाकायचे, हेही आपसांतच ठरते. मासळी किनाऱ्याला आली तर मिळाली. तिच्यामागे खोल समुद्रात धावायचे नाही.

पर्ससीन नौका मात्र बांगड्या-तारलीचा अख्खा थवाच घेरते. सागरी मासेमारीचा राज्याचा कायदा १९८१ चा. २०१६ मध्ये पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम दिला गेला, २०२१ मध्ये दंडही लाखांत गेला. पण एवढ्या लांब किनाऱ्यावर सरकारी गस्त पुरणार किती? रापणकर तर रोज तिथेच उभा असतो.

रापणीतही दोष आहेच. जाळ्याचे आस बारीक असले तर पिल्लेही अडकतात. ते आस किती असावे, जाळे कधी बंद ठेवावे, हे संघांनीच ठरवावे आणि त्या ठरावाला कायद्याने मान द्यावा. मच्छीमार सोसायट्या काय फक्त डिझेलच्या परताव्याचे कागद भरण्यासाठी आहेत?

ज्याच्या मुलांना उद्या याच पाण्यावर जगायचे आहे, तिजोरीची एक किल्ली त्याच्याकडे हवीच.