'श्वाइत्सर' या पदाचा अर्थ आणि एमिली केम्पिन-स्पीरी

शब्दाचे व्याकरणिक लिंग आणि त्या शब्दाने निर्दिष्ट होणारी व्यक्ती यांचा संबंध वैयाकरणांच्या चर्चेपुरताच मर्यादित राहतो, असे सामान्यतः मानले जाते. परंतु कधीकधी हाच प्रश्न न्यायासनासमोर उभा राहतो, आणि मग त्याच्या उत्तरावर एखाद्या व्यक्तीची उपजीविका अवलंबून असते. स्वित्झर्लंडमधील एमिली केम्पिन-स्पीरी यांचे प्रकरण या प्रकारचे आहे.

एमिली यांचा जन्म 1853 साली झुरिकनजीक आल्टश्टेटेन येथे झाला. 'हायडी' या बालकथेमुळे जगभर ज्ञात झालेल्या योहाना स्पीरी या त्यांच्या काकू. धर्मोपदेशक वाल्टर केम्पिन यांच्याशी 1875 साली त्यांचा विवाह झाला. तीन अपत्यांची आई झाल्यानंतर, पित्याचा विरोध आणि घरातील आर्थिक ओढग्रस्त यांना न जुमानता त्यांनी झुरिक विद्यापीठात कायद्याचा अभ्यास आरंभिला. 1886 साली पतीच्या एका दाव्यात त्यांच्या वतीने उभे राहण्याची अनुज्ञा त्यांनी न्यायालयाकडे मागितली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी झुरिक प्रांतात वकिली करण्यास कायद्याच्या पदवीची अट नव्हती. अट होती ती 'सक्रिय नागरिकत्वा'ची, म्हणजे मताधिकाराची. एखाद्या अल्पशिक्षित पुरुषास जे सहज साध्य होते, ते विधिशास्त्राच्या या विद्यार्थिनीस नाकारण्यात आले.

या निर्णयाविरुद्ध त्यांनी संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. त्यांचा आधार होता 1874 च्या संविधानातील चौथे कलम. सर्व स्विस नागरिक कायद्यापुढे समान आहेत, असे हे कलम सांगते. मूळ जर्मन पाठात तेथे 'श्वाइत्सर' हे पद आहे. रूपाने ते पुल्लिंगी असून त्याचे स्त्रीलिंगी रूप 'श्वाइत्सरिन' असे होते. एमिली यांचे म्हणणे असे की, येथे पुल्लिंगी रूप जातिवाचक अर्थाने योजिलेले आहे, यास्तव त्यात स्त्रियांचाही अंतर्भाव होतो. या युक्तिवादात भाषिक दृष्ट्या वावगे काहीच नव्हते. जर्मन भाषेत व्यक्तिवाचक पुल्लिंगी नामे मिश्र समूहाकरिता सर्रास योजिली जातात. (मराठीत याहून निराळी सोयही आढळते. मुलगे आणि मुली यांचा एकत्र निर्देश करताना 'मुले' हे नपुंसकलिंगी रूप येते, आणि दोन्ही लिंगांना एका तटस्थ छत्राखाली आश्रय मिळतो. परंतु 'नागरिक', 'मतदार', 'वकील' अशा पदांपाशी आल्यावर मराठीही जर्मनच्याच पंक्तीस बसते.)

29 जानेवारी 1887 रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला. स्त्री-पुरुषांच्या संपूर्ण कायदेशीर समानतेचा अर्थ या कलमातून काढणे जितके नवे तितकेच धाडसाचे आहे, असा शेरा निकालपत्रात आहे. 'श्वाइत्सर' या शब्दात स्त्रिया येत नाहीत असे न्यायालयाने ठरविले, असे पुष्कळदा सांगितले जाते; ते तितकेसे अचूक नाही. न्यायालयाने शब्दाची चिकित्सा केलीच नाही. असा अर्थ लावणे ऐतिहासिक अर्थनिर्णयाच्या सर्व नियमांविरुद्ध होईल, एवढे सांगून त्याने प्रश्नाला बगल दिली. शब्दाची अभिधा विस्तृत आहे हे नाकारावयाचे नाही, पण संविधानकारांच्या मनातील अभिप्राय संकुचित होता असे धरून चालावयाचे, अशी ही रीत होय. तीतील खरी अडचण अशी की, कर भरताना आणि शिक्षा भोगताना मात्र स्त्री त्याच शब्दाच्या कक्षेत निमूटपणे येत होती.

त्याच वर्षी एमिली यांना डॉक्टरेट मिळाली. विधिशास्त्रातील ही पदवी मिळविणाऱ्या त्या स्वित्झर्लंडमधील पहिल्या स्त्री. परंतु न्यायालयाचे द्वार बंद आणि विद्यापीठातील अध्यापनाचेही बंद, अशा स्थितीत 1888 साली पती व मुलांसह त्या न्यूयॉर्कला गेल्या. परक्या देशात, परक्या भाषेत आणि सर्वस्वी निराळ्या विधिपद्धतीत त्यांना नव्याने पाय रोवावयाचे होते. रोमन कायद्याच्या परंपरेत वाढलेल्या विद्यार्थ्याला पूर्वनिर्णयांवर उभारलेला आंग्ल-अमेरिकन कायदा ही जणू दुसरी भाषाच. तिची शब्दसंपदा परिचित वाटते, पण वाक्यरचना वेगळी असते. एमिली यांनी ती आत्मसात केली आणि एका वर्षाच्या आत स्त्रियांसाठी कायद्याचे विद्यालय काढले. वकील मिळविण्याची ऐपत नसलेल्यांना कायद्याचा सल्ला मिळावा, या खटपटीतही त्या होत्या. 1890 साली न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने, म्हणजे पुढे न्यूयॉर्क विद्यापीठ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने, स्त्रियांसाठी कायद्याचा खास वर्ग सुरू केला आणि त्याच्या अध्यापनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. सर्वच विद्यार्थिनींना वकील व्हावयाचे नव्हते. स्वतःची मिळकत, करार आणि वारसा यांविषयीचे लेख स्वतः वाचून समजावेत, ही अपेक्षा बाळगूनही स्त्रिया येत. कायद्याच्या परिभाषेचे हे साक्षरता-कार्यच म्हणावे लागेल.

पती मात्र तेथे रमले नाहीत. ते मुलांना घेऊन परतले. पुढे मुलाच्या आजारपणामुळे 1891 साली एमिली यांनाही परतावे लागले. आता झुरिक विद्यापीठाने त्यांना रोमन, इंग्रजी आणि अमेरिकन कायदा शिकविण्याची अनुज्ञा दिली. न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही. आंग्ल-अमेरिकन कायद्याविषयी सल्ला देणारी कचेरी त्यांनी थाटली, आणि 1893 साली स्त्रियांच्या हक्कांच्या रक्षणार्थ एक संस्था स्थापन केली. नंतर त्या बर्लिनला गेल्या. जर्मन नागरी संहितेच्या वादात त्यांनी घेतलेली मवाळ भूमिका स्त्री-चळवळीतील पुढाऱ्यांना रुचली नाही, आणि दोन्ही बाजूंनी त्या एकाकी पडल्या. 1897 साली त्यांचे मनःस्वास्थ्य ढळले. बाझेलच्या मनोरुग्णालयात असताना, 1899 च्या डिसेंबरात, एका धर्मोपदेशकाच्या घरी मोलकरणीची जागा मिळावी म्हणून त्यांनी अर्ज लिहिला. एप्रिल 1901 मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. झुरिक प्रांताने स्त्रियांना वकिलीची मोकळीक 1898 साली, म्हणजे त्या रुग्णालयात असतानाच, दिली होती.

याच सुमारास हिंदुस्थानातही हा पेच पडला होता. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी 1892 साली ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली, तरी वकिलीची सनद त्यांच्यापासून दूरच राहिली. 1868 च्या सर्वसाधारण शब्दार्थ कायद्यात पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश समजावा, असा स्पष्ट नियम होता. असे असूनही कलकत्ता उच्च न्यायालयाने 1916 साली रेजिना गुहा यांचा, आणि पाटणा उच्च न्यायालयाने 1921 साली सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज अमान्य केला. शब्दार्थाचा नियम विधिमंडळाने स्वतः घालून दिला असताही तो न्यायाधीशांना बांधू शकला नाही, यावरून अर्थनिर्णयात व्याकरणाचे वजन किती, हे दिसून येते. अखेर 1923 साली स्वतंत्र कायदा करूनच हा अडसर दूर करावा लागला.

त्याच वर्षी स्विस न्यायालयाने फ्रीबुर्ग प्रांतातील एका वकील स्त्रीच्या बाजूने कौल दिला. पण तो व्यवसायस्वातंत्र्याच्या कलमाखाली, 'श्वाइत्सर' या शब्दाला स्पर्श न करता. 1957 साली लोझानच्या वकील आंत्वानेत कँश आणि त्यांच्या सहअर्जदार स्त्रियांनी मताधिकारासाठी तोच शब्दार्थ पुन्हा मांडला, आणि इतिहासाचाच आधार घेऊन तो पुन्हा नाकारला गेला. संघराज्यात स्त्रियांना मताधिकार 1971 साली मिळाला, तर समान हक्कांचे कलम 1981 साली संविधानात आले. आपेनझेल इनरऱ्होडेन प्रांतातील पुरुष मतदार मात्र त्यानंतरही स्त्रियांना मत देण्यास नकार देत राहिले. तेव्हा 27 नोव्हेंबर 1990 रोजी न्यायालयाने असा निर्णय दिला की, त्या प्रांताच्या संविधानातील 'लांडलॉइटे' आणि 'श्वाइत्सर' या शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजला पाहिजे. प्रांतिक संविधानाचे एक अक्षरही त्यासाठी बदलावे लागले नाही.