आपले पान गूगलला सापडते कसे?



गेल्या गणेशोत्सवात दोन कुटुंबे सव्वा तास गाडी हाकत, मुलांना नटवून-थटवून, चुकीच्या हॉलवर पोहोचली. गूगलवर मंडळाचे नाव टाकल्यावर वर आले होते आपल्या जुन्या संकेतस्थळाचे पान, आणि त्यावर होता आदल्या वर्षीच्या शाळेचा पत्ता. नव्या संकेतस्थळावर योग्य पत्ता महिनाभर आधीच दिलेला होता, पण गूगलच्या लेखी ते पान अस्तित्वातच नव्हते. बिचारी मंडळी आली तेव्हा आरती होऊन मोदकही संपले होते. चूक आम्हा संकेतस्थळ समितीची. तुमच्यापैकी अनेकांची व्यवसायाची, मराठी शाळेची, ढोल पथकाची संकेतस्थळे आहेत, म्हणून काय घडले ते सांगतो.

पान चढवले की ते लगेच शोधात दिसते, असा समज असतो. प्रत्यक्षात गूगलचा क्रॉलर माहीत असलेल्या पानांवरच्या दुव्यांवरून नव्या पानापर्यंत येतो, मजकूर वाचतो आणि योग्य वाटल्यास सूचीत नोंद करतो. आपण शोधतो ते या सूचीत. वाचले म्हणजे नोंदलेच, असेही नाही.

आपली पाने नोंदली गेली आहेत का, याचा ढोबळ अंदाज घेणे सोपे आहे. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’, मग कोलन आणि त्याला चिकटून आपला पत्ता टाका. आम्ही टाकला. उत्तर शून्य! कारण निघाले वर्डप्रेसच्या वाचनविषयक सेटिंगमधला एक छोटा चौकोन. काम चालू असताना शोधयंत्रांनी आत येऊ नये म्हणून आम्ही तिथे टिक केली होती आणि उद्घाटनानंतर काढायला विसरलो. त्यामुळे प्रत्येक पानावर ‘नोइंडेक्स’ची सूचना जात होती. समितीत तीन इंजिनियर आहेत, हे कृपया लक्षात ठेवू नका.

‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल वेगळी. ती क्रॉलरला पान वाचू नको म्हणते, नोंदू नको असे नाही. तिथे दार बंद केले तर आतली नोइंडेक्सची पाटी क्रॉलरला दिसतच नाही, आणि बाहेरच्या दुव्यांवरून पत्ता तरीही सूचीत येऊ शकतो.

टिक काढल्यावर आम्ही गूगल सर्च कन्सोलमध्ये संकेतस्थळाची मालकी सिद्ध केली आणि साइटमॅप दिला. साइटमॅप म्हणजे पानांची यादी. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, आपले जेमतेम दोनशे. गणेशोत्सवाच्या पानासाठी नोंदणीची विनंतीही केली. ती रोज मोजक्याच पानांसाठी करता येते आणि एकाच पानासाठी पुन्हा पुन्हा बटण दाबून काही वेग वाढत नाही. काही दिवस ते काही आठवडे धीर धरावा लागतो. बिंगसाठी २०२१ पासून इंडेक्सनाऊ ही सोय आहे. गूगल तिच्यात सामील नाही. ‘तुमची साइट पाचशे शोधयंत्रांत नोंदवून देतो’ अशी ईमेल आली तर सरळ कचऱ्यात टाका.

जुन्या पत्त्यावरून नव्या पानांकडे कायमचे वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, आम्ही सुरुवातीलाच लावायला हवे होते. ते लावले असते तर ती दोन कुटुंबे आरतीला वेळेवर पोहोचली असती.

राहिले आपले जुने दिवाळी अंक. ते युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांचा काला असतो आणि गूगल तोच वाचतो. म्हणून पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याच लोकांनी लिहिलेल्या कथा नाव टाकूनही सापडत नाहीत. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसते, त्यामुळे नजर फिरवावीच लागते. दोन अंक झाले आहेत, नऊ बाकी आहेत. शनिवारी सकाळी तासभर मुद्रितशोधन करू शकणाऱ्यांनी समितीला जरूर कळवावे. चहा आमच्याकडे.