मथुशलहाचें वय व पोथ्यांतील पाठभेद

बायबलांतील प्रत्येक अक्षर खरें मानणाऱ्या ख्रिस्ती पंडितांनीं सृष्टीचा जन्मकाळहि त्यांतील वंशावळींवरून गणिला. आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर (१५८१-१६५६) यांनीं १६५० च्या आपल्या ग्रंथांत तो इ. स. पू. ४००४, २३ ऑक्टोबरच्या आदल्या रात्रीच्या आरंभीं धरिला आहे. १७०१ पासून ही सनावळी इंग्रजी बायबलांच्या समासांत छापूं लागले, व पुष्कळांस तीहि मूळ वचनाइतकीच प्रमाण वाटूं लागली.

परंतु अक्षर प्रमाण, तर तें कोणत्या पोथीचें? सृष्टीपासून जलप्रलयापर्यंत हिब्रू पाठांत १६५६, शोमरोनी पाठांत १३०७ वर्षें भरतात. ग्रीक भाषांतराच्या कित्येक पोथ्यांत तीं २२४२ होतात. त्यांत लामेखाच्या जन्मसमयीं मथुशलहाचें वय १६७ दिलें असल्यानें तो प्रलयानंतर १४ वर्षें जगतो. आणि तारवांत तर आठच माणसें होतीं! संत ऑगस्टिन यांनीं पांचव्या शतकांतच याचा ऊहापोह करून दोष नक्कलकाराकडे दिला व हिब्रू पाठ ग्राह्य धरिला. अलेक्झांड्रिनस पोथींत १८७ हा आंकडा आहे. आमचे मतें ती अडचण ओळखून मागाहून केलेली दुरुस्ती होय. अशर यांनीं शोमरोनी पंचग्रंथाच्या प्रती स्वतः मिळविल्या होत्या. अर्थात् हे भेद त्यांस अज्ञात नव्हते. तरी गणित त्यांनीं हिब्रू पाठावरच मांडिलें.