गेरहार्ड रिख्टर यांची चित्रकला : पुसट प्रतिमा आणि इतिहासाची साक्ष

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन चित्रकारांपुढे एक मूलभूत पेच उभा होता. ज्यांचे आप्तस्वकीय नाझी राजवटीत कधी गुन्हेगार म्हणून, तर कधी बळी म्हणून वावरले, त्यांनी आपल्याच घराचे चित्र कसे रंगवावे? गेरहार्ड रिख्टर यांच्या कलेचे मर्म या पेचाच्या आधारे उलगडू लागते.

रिख्टर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९३२ रोजी ड्रेस्डेन येथे झाला. पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीत तेथील कला अकादमीत त्यांनी भित्तिचित्रणाचे शिक्षण घेतले. १९५९ मध्ये कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात पोलॉक व फोंताना यांची चित्रे पाहिल्यावर शासनपुरस्कृत समाजवादी वास्तववादाविषयी त्यांना वाटणारी अस्वस्थता वाढली. १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहण्यापूर्वी काही महिने, ते पश्चिम जर्मनीत गेले आणि ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत पुन्हा विद्यार्थी झाले. पुढे तेथेच त्यांनी दीर्घकाळ अध्यापनही केले.

साठच्या दशकात त्यांनी छायाचित्रांवरून चित्रे रंगविण्यास प्रारंभ केला. वृत्तपत्रातील वा घरगुती संग्रहातील छायाचित्र करड्या छटांत कॅनव्हासवर उतरवायचे आणि रंग ओला असतानाच त्यावरून कोरडा कुंचला ओढून कडा पुसट करायच्या, अशी ही पद्धती होय. हा धूसरपणा केवळ शैलीचा अलंकार मानणे उचित ठरणार नाही. छायाचित्र पुरावा देते. परंतु त्या पुराव्याचा अर्थ सांगत नाही, हे त्या पुसटपणातून जाणवते.

१९६५ मधील तीन चित्रे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. ‘ओंकेल रूडी’ मध्ये जर्मन सैन्याच्या गणवेशातील हसतमुख तरुण दिसतो. तो युद्धात मारला गेला. ‘टांटे मारियान’ मध्ये एक किशोरवयीन मुलगी आणि तिच्यापुढे तान्हे बाळ आहे. ते बाळ म्हणजे स्वतः रिख्टर. (जर्मन भाषेतील या संबोधनांवरून मातृकुळ की पितृकुळ हे कळत नाही; मराठीत मात्र हे मामा आणि मावशी.) मारियान हिला पुढे मनोरुग्ण ठरविण्यात आले, १९३८ मध्ये तिची सक्तीने नसबंदी झाली आणि १९४५ मध्ये ‘दयामरणा’च्या नावाखाली चाललेल्या हत्यासत्रात तिचा अंत झाला. तिसरे चित्र ‘हेर हायडे’. मनोरुग्णांच्या हत्येच्या योजनेतील एक प्रमुख डॉक्टर वेर्नर हायडे १९५९ मध्ये अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला, त्या प्रसंगाचे हे वृत्तपत्रीय छायाचित्र. सैनिक, बळी आणि हत्येचा सूत्रधार हे तिघे एकाच करड्या रंगात, एकाच तटस्थतेने रंगविलेले आहेत.

या तटस्थतेला पुढे अनपेक्षित परिमाण लाभले. पत्रकार युर्गेन श्रायबर यांच्या २००५ मधील ग्रंथाने रिख्टर यांचे पहिले सासरे, स्त्रीरोगतज्ज्ञ हाइनरिख ऑयफिंगर, हे एसएस संघटनेचे सदस्य होते आणि ड्रेस्डेनमधील सक्तीच्या नसबंदीत त्यांचा सहभाग होता, हे प्रकाशात आणले. १९६४ मधील ‘समुद्रकिनाऱ्यावरील कुटुंब’ या चित्रात हेच गृहस्थ प्रसन्नपणे हसताना दिसतात. चित्रातील एकही रेषा बदलली नाही, तरीही २००५ नंतर ते पूर्वीसारखे पाहता येत नाही.

लाल सेना गटाच्या सदस्यांच्या तुरुंगातील मृत्यूवर आधारित १५ चित्रांची ‘१८ ऑक्टोबर १९७७’ ही मालिका १९८८ मध्ये आली. ती मृतांचे उदात्तीकरण करते की केवळ शोक करते, यावर जर्मनीत तीव्र वाद झाला. अमूर्त चित्रांत मात्र लांब पट्टीने रंगाचे थर ओढण्याची रीत त्यांनी विकसित केली. तिच्यात योगायोगाला मुद्दाम वाव ठेवलेला असतो. कोलोन कॅथेड्रलच्या २००७ मधील खिडकीत ७२ रंगांच्या सुमारे ११,००० काचचौकोनांची मांडणीही बव्हंशी यादृच्छिक आहे.

छायाचित्र आणि अमूर्त हे दोन्ही प्रवाह ‘बिर्केनाउ’ (२०१४) या चार चित्रांत एकत्र येतात. ऑगस्ट १९४४ मध्ये तेथील बंद्यांनी जिवावर उदार होऊन गुप्तपणे काढलेली चार छायाचित्रे रिख्टर यांनी कॅनव्हासवर रेखाटली. नंतर मात्र त्यांवर थरावर थर चढवून ती पूर्णतः झाकली. येथे प्रतिमा पुसट नाही, ती अदृश्यच आहे. प्रदर्शनात मूळ छायाचित्रांच्या प्रतिकृती शेजारी लावल्या जातात आणि समोर करडे आरसे असतात. त्यांत चित्राबरोबर प्रेक्षकही दिसतो. या चित्रांची छायाचित्रीय आवृत्ती २०१७ पासून बर्लिनच्या संसदभवनाच्या प्रवेशदालनात आहे, आणि तिच्या समोरच्या भिंतीवर रिख्टर यांचीच १९९९ मधील काळी-लाल-सोनेरी राष्ट्रध्वजाच्या रंगांची काचकृती आहे.